यंत्राच्या वतीने सही

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक तरुण वकील राहते. जिल्हा न्यायालयात वकिली करते. अजून ज्युनिअरच आहे. म्हणजे दिवसभर सीनिअरच्या फायली वाहायच्या, तारखा घ्यायच्या आणि रात्री जागून मसुदे तयार करायचे. मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी ती कागदांची चळत घेऊन आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही लेखक माणूस. जरा हे मराठी बघून देता?"

जमिनीच्या वादातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता. मूळ इंग्रजी, आणि त्याचा हा मराठी अनुवाद संगणकाने केलेला. तिच्या पक्षकाराला इंग्रजीचा गंध नव्हता आणि आपल्या जमिनीचे काय झाले ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या नोव्हेंबरात 'सुवास' नावाची अनुवादप्रणाली सुरू केली. तिच्यामागे कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, आणि ती ज्या भारतीय भाषांसाठी वापरली जाते त्यांत मराठीही आहे.

मी जरा धास्तीनेच वाचायला घेतले. कारण २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्याच एका न्यायमूर्तींनी सांगितलेला किस्सा माझ्या लक्षात होता. निकालपत्रात 'लीव्ह ग्रँटेड' असे दोन शब्द येतात. त्यांचा अर्थ अपील करायला परवानगी दिली. यंत्राने त्याचे भाषांतर केले, सुट्टी मंजूर! पण माझ्या हातातले मराठी बरे होते. थोडे लाकडी, पण कळणारे. आपल्या सरकारी परिपत्रकांपेक्षा तर नक्कीच बरे.

दोन ठिकाणी मी खुणा केल्या आणि सवयीने शेवटचे पान उलटले. "याच्यावर सही कुणाची आहे?"

"सही नसते काका. ही टीप असते."

टीप अशी की, हा अनुवाद पक्षकाराला स्वतःच्या भाषेत निकाल समजावा एवढ्यापुरताच आहे, इतर कशासाठीही वापरता येणार नाही, आणि सर्व कामांसाठी इंग्रजी प्रतच प्रमाण.

"म्हणजे यात चूक निघाली तर विचारायचं कुणाला?"

"विचारायचं कशाला? इंग्रजी बघायचं."

"अगं, ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यासाठीच तर हे आहे ना?"

ती हसली. "तुम्ही बँकवाले सहीशिवाय दुसरं काही बघतच नाही."

खरे आहे ते. सदतीस वर्षे बँकेत काढली, आधी क्लार्क, मग अधिकारी. कथा-कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री. दिवसभर सह्याच केल्या. त्यातल्या काही सह्या अशा आहेत की न्यायालय आणि यंत्र हे दोन शब्द एकत्र ऐकले की अजूनही आठवतात. त्यांच्याबद्दल आज लिहायचे आहे.

बँकेची पुस्तके न्यायालयात पुरावा म्हणून कशी दाखल करावीत, याचा आपल्याकडे १८९१ सालचा कायदा आहे. एखाद्या खात्याचा वाद कोर्टात गेला तर बँकेने आपली जाडजूड लेजरे उचलून कोर्टात नेऊ नयेत, कारण ती रोज लागतात. त्याऐवजी त्या नोंदीची नक्कल द्यावी आणि तिच्याखाली जबाबदार अधिकाऱ्याने लिहून द्यावे, की ही नोंद बँकेच्या नेहमीच्या पुस्तकात आहे, नेहमीच्या कामकाजात झालेली आहे आणि ते पुस्तक आजही बँकेच्या ताब्यात आहे. यातले प्रत्येक वाक्य मी शपथेवर सांगू शकत होतो. लेजर माझ्यासमोर असे. नोंद कुणी केली ते अक्षरावरून कळे. तपासली कुणी, ते बाजूच्या आद्याक्षरांवरून कळे. चुकली असेल तर लाल शाईने खोडलेली दिसे, आणि खोडणाऱ्याला बोलावून विचारता येई, "काय हो, हे का खोडलंत?"

पुढे संगणक आले. नव्वदच्या दशकात आमच्या शाखेत पहिला संगणक आला तेव्हा नारळ फोडला, पडद्याला कुंकू लावले. ती खोली वातानुकूलित होती आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत, देवघरात जातो तसे. धुळीसाठी होते ते, पण परिणाम मनावर व्हायचा तो झालाच. यंत्रातून निघालेल्या कागदावर कुणी लाल शाई चालवेना.

२००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने बँकेच्या त्या जुन्या कायद्यातही बदल झाला. संगणकाचा छापील उतारा पुरावा म्हणून चालू लागला, पण एका अटीवर. सोबत प्रमाणपत्र हवे. एक शाखाधिकाऱ्याचे, की हा उतारा त्या नोंदीचाच आहे. आणि दुसरे संगणकाची व्यवस्था पाहणाऱ्याचे, की त्यात अमुक अमुक सुरक्षेच्या सोयी आहेत आणि माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे त्या काळात संगणक नीट चालत होता. कायदा करणाऱ्याने विचार चांगला केला होता. यंत्राला पिंजऱ्यात उभे करता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने एक माणूस उभा करायचा.

आमच्यासारख्या लहान शाखेत हे दोन्ही गृहस्थ एकच. मीच.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो, २००३ सालची गोष्ट. पिठाच्या गिरणीसाठी चाळीस हजारांचे कर्ज घेतलेला एक इसम थकला होता. आमच्या वकिलांनी वसुलीचा दावा लावला. मी उताऱ्यावर सही केली, प्रमाणपत्रावर सही केली आणि तारखेला दिवाणी न्यायालयात साक्षीला गेलो. अशा साक्षी म्हणजे पाच मिनिटांचे काम. शपथ घ्यायची, उतारा दाखल करायचा, "थकबाकी खरी आहे" म्हणायचे आणि जेवणाच्या आत शाखेत परतायचे.

गिरणीवाल्याचा वकील म्हातारा होता. काळा कोट उन्हाने हिरवट पडलेला. त्याने उतारा चष्म्याजवळ धरून बराच वेळ पाहिला आणि विचारले, "मॅनेजरसाहेब, हे सर्टिफिकिट आपण दिलंय?"

"हो."

"संगणक नीट चालत होता, असं आपण लिहिलंय. हा संगणक आतून कसा चालतो, ते कोर्टाला सांगाल?"

"ते मला सांगता येणार नाही."

"मग तो नीट चालत होता, हे कशावरून म्हणता?"

मी गप्प. न्यायाधीशांनी मान वर करून पाहिले. आमच्या वकिलांनी हरकत घेतली, ती फेटाळली गेली. म्हाताऱ्याचे म्हणणे एवढेच होते की, शाखेत संगणक आला त्याच आठवड्यात त्याच्या अशिलाने चोवीसशे रुपयांचा हप्ता भरला होता. पावती घराच्या पडझडीत गेली. उताऱ्यात तो हप्ता नव्हता. न्यायाधीशांनी मला पुढच्या तारखेला जुने लेजर घेऊन यायला सांगितले.

लेजर सापडायला तीन दिवस लागले. जुन्या रेकॉर्डच्या खोलीत वाळवी लागली होती. पण पान शाबूत होते, आणि त्यावर चोवीसशेची जमा होती, आमच्याच एका निवृत्त सहकाऱ्याच्या वळणदार अक्षरात. झाले होते ते असे. १९९८ मध्ये एका शनिवारी दुपारी सगळ्या खात्यांच्या शिलकी संगणकात भरायला म्हणून उतरवून घेतल्या. त्यानंतर, त्याच दिवशी, ही जमा लेजरला पडली. रविवारी संगणकात गेली ती जुनी शिल्लक. संगणकाची काहीच चूक नव्हती. त्याला जे सांगितले ते त्याने पाच वर्षे इमानाने सांगितले, व्याजासकट.

यातली खरी टोचणी पुढेच आहे. बँकवाल्यांना सांगायला नको, की वेगवेगळ्या खात्यांची बेरीज आणि जनरल लेजरचा आकडा जुळला नाही तर तो फरक वेगळ्या यादीत लिहून ठेवतात. मी ती यादी काढली. त्यात चोवीसशे रुपये पाच वर्षे पडून होते. कुणाच्या तरी कर्जात एवढी रक्कम जास्त दिसते आहे, हे बँकेला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. कुणाच्या, ते शोधायची गरज कुणाला वाटली नव्हती.

दाव्याची रक्कम कमी झाली, हप्ते बांधून मिळाले. चोवीसशे रुपये म्हणजे काय मोठी रक्कम? पण त्या म्हाताऱ्याने तो प्रश्न विचारला नसता तर माझ्या सहीने त्या माणसावर खोटे कर्ज शिक्कामोर्तब झाले असते. आणि मी तोवर अशी कितीतरी प्रमाणपत्रे दिली होती.

ब्रिटनमधल्या टपाल कार्यालयांचे प्रकरण वाचले तेव्हा म्हणूनच मला परके वाटले नाही. तिकडे खेड्यापाड्यांत किराणा दुकानातच पोस्टाचा एक कोपरा असतो आणि तो चालवणाऱ्याला सबपोस्टमास्तर म्हणतात. १९९९ पासून त्यांच्याकडे 'होरायझन' नावाची संगणकव्यवस्था आली. रात्री हिशेब करावा तर यंत्र दाखवायचे, हजार पौंड कमी. पुन्हा करावा तर आणखी कमी. करारानुसार तूट त्यांनी भरायची. लोकांनी दागिने विकले, घरे गहाण टाकली. मदतीसाठी फोन केला तर कित्येकांना उत्तर मिळे, असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरवण्यात आले. भारतीय वंशाच्या एका सबपोस्टमास्तर बाईंना २०१० मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या. त्या दिवशी त्यांच्या मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता.

हे एवढ्या न्यायाधीशांसमोर, ज्यूरींसमोर झाले कसे? एक कारण कायद्यातच आहे. इंग्लंडात आधी असा नियम होता की, संगणकाचा कागद फौजदारी खटल्यात वापरायचा तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवावे लागे. १९९९ च्या कायद्याने ती अट काढून टाकली. त्यानंतर यंत्र नीट चालते असेच गृहीत धरायचे. नाही म्हणणाऱ्याने आपला संशय सकारण मांडायचा. आता दुकानात बसलेल्या माणसाने ते कसे मांडावे? यंत्राच्या आतली कागदपत्रे ज्यांच्याकडे होती, तेच त्याच्यावर खटला चालवत होते. वेल्समधले ॲलन बेट्स आणि त्यांचे साथीदार मिळून ५५५ जण दिवाणी न्यायालयात लढले, तेव्हा २०१९ च्या डिसेंबरात न्यायालयाने सांगितले की या यंत्रणेत दोष होते. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एका दिवसात ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली; त्या बाई त्यांत होत्या. बाकीच्यांसाठी २०२४ मध्ये संसदेला वेगळा कायदा करावा लागला. तोवर कितीजण निर्दोष ठरल्याचे न ऐकताच गेले.

होरायझन ही काही कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. बेरीज-वजाबाकीचेच यंत्र होते. बसून शोधले तर चूक कुठल्या ओळीत आहे ते दाखवता येत होते. आजच्या यंत्रांचे तसे नाही. ती लाखो उदाहरणांवरून स्वतःच ठोकताळे बांधतात, आणि अमुक उत्तर का दिले हे ती बनवणाऱ्यालाही पुष्कळदा नेमके सांगता येत नाही. मग प्रमाणपत्रावर सही कुणी करायची?

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एका आरोपीला सहा वर्षांची कैद झाली. शिक्षा ठरवताना न्यायाधीशांसमोर 'कंपास' नावाच्या संगणकप्रणालीचा अहवाल होता. हा माणूस पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती, याचे गुण त्यात असतात. आरोपी म्हणाला, हे गुण कसे काढले ते मला कळू द्या. उत्तर मिळाले, ते कंपनीचे व्यापारी गुपित आहे. २०१६ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, सावधगिरीच्या काही सूचना जोडून, हा वापर मान्य केला. मला यातला 'व्यापारी गुपित' हा शब्द पचत नाही. माझ्या लेजरमध्ये गुपित नव्हते. म्हाताऱ्या वकिलाला मी ते उघडून दाखवू शकलो. त्याच वर्षी 'प्रोपब्लिका' या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातल्या एका परगण्यातले सात हजारांहून अधिक आरोपींचे गुण तपासले. ज्यांनी पुढे गुन्हा केलाच नाही अशा लोकांत, 'धोकादायक' असा शेरा कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मिळाला होता. कंपनीने हा निष्कर्ष अमान्य केला. वाद अजून अभ्यासकांत चालतो. तुरुंगातल्या माणसाला त्या वादाचा काय उपयोग?

न्यूयॉर्कचा २०२३ चा किस्सा बऱ्याच वाचकांच्या कानावर आला असेल. विमानात खाद्यपदार्थांची गाडी गुडघ्याला लागली म्हणून एका प्रवाशाने दावा लावला. त्याच्या वकिलाने 'चॅटजीपीटी'ला विचारून पूर्वीच्या निकालांचे दाखले दिले. त्यातले सहा निकाल जगात कुठेच नव्हते. वकिलाने यंत्राला विचारलेही होते, हे खरे आहेत ना? यंत्र म्हणाले, हो. न्यायालयाने पाच हजार डॉलरचा दंड केला. त्यातल्या एका बनावट खटल्यातले नाव होते वर्गीस. कादंबरीकार म्हणून मला याचे कौतुक वाटले, खोटे का सांगा! आम्ही हेच करतो. खोटे खरे वाटावे म्हणून गल्लीचे नाव घालतो, तारीख घालतो, एखादा केरळी वर्गीस आणून बसवतो. फक्त आम्ही मुखपृष्ठावर 'कादंबरी' असे छापतो.

हे लोण आपल्याकडे यायला वेळ लागला नाही. बंगळुरूच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाला डिसेंबर २०२४ मधला आपला एक आदेश आठवडाभरात मागे घ्यावा लागला. त्यात अस्तित्वात नसलेले निकाल आले होते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याचा एक करनिर्धारण आदेश याच कारणाने रद्द केला. यंत्राने दिलेले दाखले पडताळल्याशिवाय वापरू नका, असे बजावलेही. केरळ उच्च न्यायालयाने तर जुलै २०२५ मध्ये आपल्या जिल्हा न्यायालयांसाठी लेखी धोरणच काढले, की निष्कर्ष काढायला किंवा निकाल द्यायला ही यंत्रे वापरायची नाहीत.

हे सगळे वाचून कुणाला वाटेल, की मी यंत्राचा शत्रू आहे. मुळीच नाही. देशभरातल्या न्यायालयांत मिळून पाच कोटींहून अधिक खटले पडून आहेत, आणि 'तारीख' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. केंद्राने २०२३ मध्ये ई-न्यायालयांच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले, त्यातले ५३.५७ कोटी कृत्रिम बुद्धिमत्तेसारख्या नव्या तंत्रांसाठी आहेत. जुने कागद शोधायला, दाव्यातल्या त्रुटी काढायला, न्यायालयात बोललेले उतरवून घ्यायला, निकाल मराठीत आणायला हे यंत्र जरूर लावावे. उच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत आणि जमीन ज्याची गेली तो मराठीत, ही दरी कुणीतरी भरायलाच हवी. भरणाऱ्याने खाली नाव लिहावे, एवढेच माझे म्हणणे.

मला भीती वाटते ती एका गोड सल्ल्याची. हल्ली तो पुष्कळदा ऐकू येतो: मोठे खटले न्यायाधीशांनी चालवावेत, चेक न वटल्याचे, दंडाचे, लहानसहान वसुलीचे खटले यंत्राकडे द्यावेत, म्हणजे गर्दी हटेल. ऐकायला व्यवहारी वाटते. पण लहान खटल्यांतच तर प्रश्न विचारणारा नसतो. करोडोंच्या दाव्यात दोन्ही बाजूंना तज्ज्ञ असतात, यंत्राचा ते स्क्रू न् स्क्रू सुटा करतील. चोवीसशे रुपयांसाठी कोण येणार? हिरवट कोटातला एक म्हातारा आला, हे त्या गिरणीवाल्याचे नशीब. न्याय असा नशिबावर ठेवायचा का?

आपला कायदा तसा सावध आहे, हेही सांगितले पाहिजे. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या नकलेसाठी प्रमाणपत्र सक्तीचे असल्याचा निर्वाळा दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात प्रमाणपत्राचे दोन भाग केले आहेत. एक पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. म्हणजे माझ्यासारख्याने दोन्हीकडे सही ठोकायची सोय आता राहिलेली नाही. आमच्या वकीलबाईंनी मला तो छापील नमुना आणून दाखवला. मी भाग 'ब'वर बोट ठेवून विचारले, "या तज्ज्ञाला त्या म्हाताऱ्याचा प्रश्न विचारला तर?"

"कुठला म्हातारा, काका?"

मग तिला सगळे सांगितले. तिने वकिलाच्या सवयीने नेमके तेच विचारले, जे त्या वेळी गिरणीवाल्यानेही विचारले होते. हुकूमनाम्यानंतर पहिला हप्ता भरायला तो शाखेत आला होता. पावती त्याने दोनदा वाचली, घडी घालून टोपीत ठेवली आणि म्हणाला, "साहेब, त्या शनिवारी मी एकटाच नव्हतो रांगेत. बाकीच्यांचं काय?"

त्या फरकाच्या यादीत त्याची धरून बारा कलमे होती. पुढच्या सहा महिन्यांत संध्याकाळी थांबून, वाळवी झटकून, मी त्यातली तीन लावली. दोघांना पैसे परत केले. तिसरा वारला होता, त्याच्या बायकोला दिले. मग माझी बदली झाली. चार्ज देताना उरलेल्या आठ कलमांची यादी मी नव्या शाखाधिकाऱ्यांच्या हातात दिली आणि ती मिळाल्याची त्यांची सही घेतली.